मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) ग्रेड 2: गाठ परत येईल का, हे कशावरून धरायचं?

रामबागकर, इंदूर
मावशीच्या (वय 68) ऑपरेशनला सहा आठवडे झालेत. बायोप्सी रिपोर्ट: मेनिंजिओमा, ग्रेड 2, दहा हाय-पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालच्या क्षेत्रांत) 6 मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी), केआय-67 (पेशीवाढीचा निर्देशक) 8 टक्के. सर्जन म्हणतात, "गाठ पूर्ण काढली." मग परत येण्याची शक्यता किती? एमआरआय आत्ताच करून टाकावा का?

स्लाइडवाला
8 टक्क्यांचा धसका घेऊ नका. ग्रेड त्यावर ठरलेली नाही, 6 मायटोसिसवर ठरली: 4 ते 19 म्हणजे ग्रेड 2, 20 पासून पुढे 3. केआय-67 स्लाइडच्या कुठल्या भागात मोजलं, तसा आकडा हलतो.
खरी उणीव जनुकीय तपासणीची दिसते. 2021 च्या वर्गीकरणात टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल सापडला, किंवा सीडीकेएन2ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गायब असल्या, तर स्लाइड कशीही दिसो, गाठ थेट ग्रेड 3. त्यासाठी गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागा, नुसती रंगवलेली स्लाइड नको. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून घ्या. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

न्यूरो ओटी
"पूर्ण काढली" हे अर्धंच उत्तर झालं. ओटी नोटची (ऑपरेशनच्या नोंदीची) प्रत काढा आणि ड्यूराचं (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचं) काय केलं ते वाचा. चिकटलेला ड्यूरा आणि बिघडलेलं हाडही काढलं, तर सिम्पसन 1 (गाठ किती निघाली याची श्रेणी, गाठीची ग्रेड वेगळी). ड्यूरा नुसता जाळला तर 2. तसाच सोडला तर 3. गाठ थोडी राहिली तर 4. 1957 च्या मूळ मांडणीत परत येण्याचं प्रमाण अनुक्रमे 9, 19, 29 आणि 44 टक्के होतं. पण ते एमआरआयच्या आधीचे आकडे, शिवाय सगळ्या ग्रेड एकत्र. क्रम घ्या, टक्केवारी मावशींना लावू नका.

रामबागकर, इंदूर
नोटमध्ये "ड्यूरा कोअॅग्युलेटेड" (जाळला) आहे. म्हणजे सिम्पसन 2. एमआरआयचं?

स्कॅनरूम
आत्ता नको. पहिला स्कॅन 48 तासांच्या आत, नाहीतर तीन महिन्यांनी. मधल्या काळात जखमेची कडच कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी टोचलेलं औषध) घेते आणि उरलेल्या गाठीसारखी दिसते. निष्कारण घबराट होते. नंतर ग्रेड 2 ला पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. वय पाहता कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या.
शक्यतो मशीन तेच ठेवा, आणि फिल्मवर भागवू नका, सीडी घ्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवा स्कॅन फक्त मागच्याशी ताडणं. दर वेळी एखाद मिलिमीटर वाढ असली की रिपोर्टमध्ये "बदल नाही" छापून येतं. तीन महिन्यांचा तो पहिला स्कॅन दर वेळी सोबत न्या आणि त्याच्याशी तुलना लिहून मागा.

न्यूरो ओटी
रेडिएशनबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. ग्रेड 2 पूर्ण निघाली असेल तर लगेच द्यायचं की लक्ष ठेवायचं, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. द्यायचं ठरलं तर साधारण 54 ते 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), सहाएक आठवडे. जनुकीय रिपोर्ट हातात घेऊनच रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा. ग्रेड 3 निघाली तर हा प्रश्नच उरत नाही, रेडिएशन द्यावंच लागतं.