काट्यावरचं वजन थेट पट्टीत कसं न्यावं?

प्रश्न (लातूर, आडत दुकान)
राम राम मंडळी. मार्केट यार्डात आमची आडत आहे, सोयाबीन आणि तुरीची. काट्याजवळच्या संगणकावर जुना प्रोग्राम आहे, डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा मालाचा हिशेब, निघते ती दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर, जावा या दुसऱ्या भाषेतल्या सॉफ्टवेअरमधून. मधला पूल म्हणजे मुनीमकाका आणि मी. ते पावती वाचतात, मी टाईप करतो. परवा १८.४०चं १४.८० झालं. साडेतीन क्विंटलच्या वर फरक. शेतकरी औशाहून परत आला, पट्टी हातात धरून काही न बोलता उभा राहिला. पैसे लगेच दिले, पण झोप लागली नाही. हे दोन प्रोग्राम आपसात बोलू शकतील का? वेब सर्व्हिस म्हणतात ती हीच का? इंटरनेट लागेल का?

उत्तर (नांदेड)
दादा, हीच. डेल्फीला जावा यायची गरज नाही, निरोपाचा मसुदा दोघांना कळला की झालं. पट्टीच्या संगणकावर एक पत्ता उघडा ठेवायचा. काट्याचा प्रोग्राम त्या पत्त्यावर एचटीटीपीने, म्हणजे ब्राउझर ज्या रीतीने पान मागवतो त्याच रीतीने, मजकूर पाठवेल:

{"पावती": "४१२७", "वजन": 1840, "एकक": "किलो"}

मजकूर लिहायच्या या पद्धतीला जेसन म्हणतात. आधी हेच काम एक्सएमएल या दुसऱ्या पद्धतीत चालायचं (१९९८ चं प्रमाण), त्यावर सोप नावाच्या ठरलेल्या रचनेचा लिफाफा, आणि कोणती सेवा काय मागते ते डब्ल्यूएसडीएल नावाच्या वर्णनाच्या फायलीत. सरकारी आणि बँकांच्या जुन्या यंत्रणांशी जोडताना ते अजून भेटतं. तुम्हाला जेसन पुरे. इंटरनेट नको, दोन्ही संगणक एका राउटरला असले की भागतं.

'एकक' मात्र गाळू नका. काटा किलोत बोलतो, पट्टी क्विंटलमध्ये. मजकूर यूटीएफ-८ मध्येच (देवनागरीसह सगळी अक्षरं साठवायची पद्धत) पाठवा, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतील.

प्रश्नकर्ता
पोराने दोन दिवसांत जमवलं! पण काल ऐन वेळी दुकानातली लाईट गेली. काट्याला उत्तर आलं नाही, लाईट आल्यावर त्याने परत पाठवलं आणि ४१२७ दोनदा चढली.

उत्तर (नांदेड)
हे सांगायचं राहिलं, चूक माझी. उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असं नसतं. तुमच्याकडे निरोप पोचला, वजन नोंदलं गेलं, 'मिळालं' हे सांगण्याआधीच लाईट गेली. त्यामुळे काट्याने परत पाठवलं हे बरोबरच. थांबवायचं ते पट्टीच्या बाजूला: तारीख आणि पावती नंबर मिळून डेटाबेसमध्ये युनिक करा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा चढणार नाही. तीच पावती पुन्हा आली तर नवी नोंद न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं. आणि '२००' हा आकडा, म्हणजे एचटीटीपीतलं 'काम झालं' हे उत्तर, नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच पाठवायचा, आधी नाही.

प्रश्नकर्ता
केलं. आज मुद्दाम तीनदा वायर काढून पाहिली, प्रत्येक पावती एकदाच चढली. मुनीमकाका अजून वहीत लिहितात. दिवाळीपर्यंत लिहू देतो, रोज संध्याकाळी ताळा करता येतो.