मदत हवी आहे: "जपानी नियम पाळतात, आपण पाळत नाही" हे खरं की खोटं?

एदोगावाची आई

नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, शुक्रवारच्या आत मदत हवी.

आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. २०२२ च्या जूनमध्ये पुण्याहून इथे आलो. लेक इथल्या सरकारी शाळेत आठवीला आहे. वर्गात प्रत्येकाने 'साथीचे नियम आणि माणसं' या विषयावर दहा मिनिटं बोलायचंय, आपल्या मूळ गावाशी तुलना करून. तिने पहिला खर्डा लिहिला, त्याचं सार असं: जपानी लोक सांगितलेलं ऐकतात, भारतातले ऐकत नाहीत, कारण संस्कृती वेगळी. सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, काहीही खोडलं नाही. खाली लाल शाईत दोनच शब्द लिहिले, "होन्तो नि?" म्हणजे, "खरंच?"

ती रडवेली होऊन घरी आली. मी म्हटलं, अगं बरोबरच आहे की तुझं. मग मलाच शंका यायला लागली.

तिचा अनुभव खरा आहे. ती शाळेत आली तेव्हा डबा खाताना बोलायचं नाही, सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून मुकाट जेवायचं असा दंडक होता. मोकुशोकु म्हणतात त्याला. आमची बडबडी पोरगी पहिले कित्येक महिने मुक्यासारखी जेवली. २०२३ च्या १३ मार्चला सरकारने मास्क ऐच्छिक केला, तरी पुढे कितीतरी दिवस वर्गात कुणी उतरवायला तयार नव्हतं. आणि पुण्याचं तिला आठवतं ते चौकात पोलीस ऊठबशा काढायला लावायचे ते.

तर प्रश्न:
१. जपानमध्ये कायद्याने सक्ती होती का?
२. आपल्याकडच्या जुन्या साथींत लोक कसे वागले? रँडचा खून शाळेत शिकलोय, त्यापुढे माझी पाटी कोरी.
३. आजेसासूबाई म्हणायच्या, "प्लेगात गाव माळावर राहायला गेलं." हे सरकारी हुकमाने की आपणहून?

---

खडूस

यात मदत कसली? पोरीने बरोबर लिहिलंय. आपल्याकडे मास्क हनुवटीला असायचा. सेन्सेईंना सांगा, होय, खरंच.

---

तोक्योतला जुना

ताई, बावीस वर्षं इथे आहे म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

सक्ती नव्हती. ७ एप्रिल २०२० ला तोक्यो धरून सात प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली, १६ तारखेला देशभर. पण त्या कायद्यात सरकारला फक्त 'विनंती' करता येत होती. घराबाहेर पडलात म्हणून दंड नाही, पोलीस नाही. ऐकलं नाही तर दुकानांना दंड, ही तरतूद २०२१ च्या फेब्रुवारीत आली. सगळं चाललं ते 'जिशुकु' या एका शब्दावर. आपणहून आवरतं घेणं.

आता यावरून "बघा किती शिस्त" असं म्हणायचा मोह होतो. पण जिशुकुला लगेच शेपूट फुटलं, 'जिशुकु केइसात्सु', म्हणजे आवरतं घ्यायला लावणारे स्वयंघोषित पोलीस. उघड्या दुकानांवर धमक्यांच्या चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या प्रांताची नंबरप्लेट दिसली की गाडीवर ओरखडे. शेवटी लोक "मी याच प्रांतात राहतो" असे स्टिकर लावून फिरायला लागले! इवाते प्रांतात २०२० च्या जुलैअखेरपर्यंत एकही रुग्ण नव्हता. २९ जुलैला पहिला सापडला आणि तो जिथे कामाला होता तिथले फोन शिव्याशापांनी भरून गेले. नटनट्या पॉझिटिव्ह आल्या की माफी मागायच्या. आजारी पडल्याबद्दल माफी!

उलटही झालं. ओसाकाच्या राज्यपालांनी एप्रिल २०२० मध्ये बंद न करणाऱ्या पाचिंको अड्ड्यांची (गोळ्यांच्या यंत्रांवरचा जुगार तो) नावं जाहीर केली, लाज वाटावी म्हणून. लोकांना पत्ता कळला, अन् तिथेच गर्दी झाली.

---

खडूस

पाचिंकोवाले आपलेच भाऊबंद निघाले म्हणायचे.

---

पेठकर

दुसरा प्रश्न माझा, कसब्यात वाढलोय.

प्लेग आधी मुंबईत मांडवीला सापडला, सप्टेंबर १८९६. ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. (२०२० मध्ये आपल्यावर जो लावला तो हाच बरं का.) पुण्यात प्लेग समिती नेमली, तिचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. देवघरात बुटांसकट जायचं, सामान रस्त्यावर आणून जाळायचं, जमीन उकरायची, आणि बायाबापड्यांना चारचौघांत उभं करून काखेत, जांघेत गाठ चाचपायची. संशय आला की माणूस छावणीत. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंड रस्ता. पुढचं तुम्ही शाळेत शिकलात.

शाळेत जे शिकवत नाहीत ते असं. लोकांचा राग रोग हटवण्यावर नव्हता. टिळक 'केसरी'त रँडच्या पद्धतीवर तुटून पडले, पण त्यांनीच हिंदू प्लेग रुग्णालय उघडायला पुढाकार घेतला आणि स्वच्छता, विलगीकरण लोकांना पटवत होते. तिकडे हडपसरजवळ सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रोग्यांची सेवा करत होते. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. म्हणजे त्याच गावात, त्याच महिन्यात, एका दारातून माणसं पळत होती आणि दुसऱ्या दारात आपणहून जात होती. मग संस्कृतीने काय उलगडतं?

मुंबईतही तेच. ऑक्टोबर १८९६ मध्ये हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. अफवा अशी की राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून आत नेऊन काळजं काढतात. मार्च १८९८ मध्ये पुन्हा दंगल झाल्यावर सरकार नरमलं. जातीजमातींनी आपापली इस्पितळं काढली, तिथे आपल्यातलेच डॉक्टर, आपल्याच हातचं पाणी. आज ऐकायला बरं वाटत नाही ते, पण रोगी दाखल व्हायला लागले.

---

माणदेशी म्हातारा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो बाई.

आपणहून. आमच्यात "उंदीर पडला" म्हणायचे. घरात उंदीर मरून पडला की कुणी सरकारची वाट बघत नसे. भांडीकुंडी, जनावरं, जातं बैलगाडीत टाकून माळावर. कडब्याच्या, तुराट्याच्या खोपी. चार-सहा महिने तिथंच. माझ्या आजीचा जन्म तसल्याच खोपीतला, ती मरेस्तोवर भावकी तिला 'खोपीतली' म्हणायची. पुढं सरकारनंही हेच धरलं, गाव मोकळं करा म्हणून. पण शहाणपण आधीचं. पिसवाचा शोध साहेबाला नंतर लागला, उंदराचं आम्हाला आधी ठाऊक होतं.

आणि ते हनुवटीच्या मास्कवाले, २०२० साली त्यांनीच गावाच्या वेशीवर बाभळीचे फास टाकले की नाही? मुंबईवरनं आलेली पोटची पोरं चौदा दिवस झेडपीच्या शाळेत झोपवली. आईनं डबा फाटकाला ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. नियम पाळत नाहीत म्हणे.

---

एदोगावाची आई

काका, डोळ्यांत पाणी आणलंत. खोपीतली आजी पोरीला सांगितली, ती वहीत गेली.

पण एक कबूल करायचंय. २०२० च्या जुलैत आम्ही सिंहगड रस्त्याला राहत होतो. सासऱ्यांना ताप आला आणि दोन दिवस आम्ही कुणाला सांगितलं नाही. तापाची भीती होतीच, पण जास्त भीती पत्र्यांची. शेजारच्या इमारतीला पत्रे ठोकले होते, दूधवाला बंद, आणि सोसायटीच्या गटावर त्या घराचा फ्लॅट नंबर दिवसभर फिरत होता. (रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण तो नंतर.) तर मी कोणत्या तोंडाने पोरीला सांगू की लोक नियम का मोडतात?

---

पेठकर

याच तोंडाने सांगा. १८९७ मध्ये पुण्यात लोक रोगी माळ्यावर लपवत होते. कारण तेच, दारात येणाऱ्याची भीती. तुमचा माळा एकविसाव्या शतकातला, एवढंच.

---

तोक्योतला जुना

ताई, मघाशी लिहायचं राहिलं, आणि पेठकरांचं वाचून आता राहवत नाही. हे सेन्सेईंना नक्की आवडेल.

जपानी लोक 'मुळातच' ऐकणारे असतील तर मेइजी काळातल्या कॉलऱ्याचं काय करायचं? १८७९ मध्ये इथे पटकीने एक लाखाहून जास्त माणसं मेली. तेव्हा आरोग्याचे नियम राबवायचे पोलिसांनी. घर वेगळं काढायचं, रोगी उचलून 'हिब्योइन'मध्ये, म्हणजे साथीच्या दवाखान्यात न्यायचा. तिथून माणूस परत येत नाही असाच लौकिक. मग अफवा काय पसरली असेल? आत नेऊन 'किमो' काढतात. किमो म्हणजे यकृत! निइगाताकडे दंगली उसळल्या. त्याआधी १८७७ मध्ये चिबातल्या कामोगावाला कॉलऱ्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरलाच जमावाने ठार मारलं.

इथे किमो, तिकडे काळीज. आर्थर रोड आणि निइगाता यांच्यात जेमतेम सतरा वर्षांचं अंतर.

मग बदललं काय? माझ्या मते दारात कोण येतं ते हळूहळू बदललं. गल्लीगल्लीत आरोग्य मंडळं झाली, पोलिसाच्या जागी शेजारी आला. १८९७ मध्येच, हो, आपल्याच साली, जपाननेही संसर्गजन्य रोगांचा कायदा केला आणि तो १९९९ पर्यंत चालला. १८९९ मध्ये प्लेग कोबेला उतरला. तोक्यो शहराने काय केलं? उंदीर विकत घ्यायला सुरुवात केली, नगाला पाच सेन (शंभर सेनचा एक येन). कुणाच्या घरात शिरले नाहीत, लोकच शेपट्या धरून उंदीर घेऊन आले. मास्कचंही तसंच. १९१८ च्या तापात (आपल्याकडची मानमोडी) सरकारी भित्तिपत्रकांतून मास्क शिकवावा लागला. तो जन्मजात नाही.

शेजारी आल्यावर शेजाऱ्याचा काच आला, तो वर सांगितलाच. इवातेचे फोन हे त्याच झाडाचं फळ.

आणि पोरीला सांगा, सुरुवातीला खिशातून हजार येनची नवी नोट काढायची. तीवर कितासातो शिबासाबुरो आहेत. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधायला गेलेले ते हेच. दोन वर्षांनी तोच प्लेग मांडवीला पोचला. एका नोटेवर वर्ग आणि पुणे दोन्ही जोडले जातात.

---

उत्तरेकडची

यॉतेबोरीहून एक भर. स्वीडनचं उदाहरण कुणी देऊ केलं तर जपून. इथेही सक्ती फारशी नव्हती, सोळाच्या आतल्या मुलांच्या शाळा उघड्या होत्या, जमावाची मर्यादा आधी ५०० आणि मार्च २०२० संपता संपता ५०. लोकांनी बरंचसं ऐकलं, कारण सांगणारा राजकारणी नव्हता, सरकारी साथरोगतज्ज्ञ अँडर्स तेग्नेल रोज येऊन कंटाळवाण्या आवाजात सांगायचा. पण लोकांनी ऐकूनही वृद्धाश्रमांत बरीच माणसं मेली. डिसेंबर २०२० मध्ये राजानेच जाहीर म्हटलं की आपण अपयशी ठरलो. तेव्हा 'ऐकणारे' आणि 'वाचलेले' हे एकच धरू नका.

---

खडूस

बरं, मी माझं पहिलं वाक्य अर्धं मागे घेतो. अर्धंच. एक सुचवू का? दहा मिनिटांत पाच देश कोंबू नका. वर्गातली पोरं झोपतील. निइगाता आणि पुणे, बास. दोन दारं दाखवा. एका दारात सोजीर, एका दारात पोलीस. आणि मग माळावरची खोप, जिथं दारच नव्हतं.

---

एदोगावाची आई

खडूसदादा, हे तुम्ही लिहिलंत यावर विश्वास बसत नाही. पोरीने तसंच केलंय. पहिलं वाक्य बदललं: "मी आधी लिहिलं होतं की भारतीय लोक नियम पाळत नाहीत. माझी खापरपणजी माळावर राहायला गेली होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं." आजोबांच्या तापाचं लिहू का, असं विचारत होती. मी म्हटलं, आजोबांना विचार. त्यांना फोन केला, ते म्हणाले लिही, पण निगेटिव्ह होतं तेही लिही.

आता अडलंय ते भाषेत. 'माळावर राहायला जाणं' याला जपानीत काय म्हणू? शब्दकोशातला 'हिनान' शब्द भूकंपाचा वाटतो.

---

तोक्योतला जुना

'सोकाइ' वापरा. युद्धात शहरातली मुलं खेड्यांकडे पाठवली, त्याला सोकाइ म्हणतात. सेन्सेईंच्या आजीच्या पिढीला तो शब्द अंगावर काटा आणतो. २०२० मध्ये तोक्यो सोडून गावी पळणाऱ्यांना 'कोरोना सोकाइ' म्हणत, आणि तिकडची गावं त्यांना नको म्हणत होती. वेशीवरची बाभळच ती. वर्गाला लगेच कळेल.

---

एदोगावाची आई

लिहून घेतलं. शेवटचं, "उंदीर पडला" कसं सांगू? 'पडला' म्हटलं की ही हसते, म्हणते कुठून पडला?

---

माणदेशी म्हातारा

आढ्यावरनं, बाई. पाटीत, चुलीपुढं, अंथरुणावर. खरोखर वरनंच पडायचा.