उतरतं छप्पर हवंच

बडोद्यातल्या मानसोपचार वॉर्डातल्या टीव्हीला काचेचं कपाट करावं का, असं एका ताईंनी विचारलंय. काच नकोच. ॲक्रिलिकही फुटलं की धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, पण सहसा फुटत नाही.

त्याहून मोठी काळजी वरच्या बाजूची. पेटीच्या सपाट माथ्यावर किंवा पेटी आणि भिंतीमधल्या फटीत गळफासासाठी दोरी, ओढणी अडकवता येते. म्हणून छप्पर भिंतीपासूनच तीव्र उतरतं हवं, फट अजिबात नको. दांडिया बाजारातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी अशी पेटी केली, तेव्हा ओला पंचा टाकून ओढून पाहिला. घसरून पडेपर्यंत उतार वाढवत गेलो. हे कराच.

वायर भिंतीतून आणा, प्लग पेटीच्या आत ठेवा. स्क्रू साध्या पेचकसानं न उघडणारे. पेटी विटांच्या भिंतीवरच, जिप्समच्या पार्टिशनवर नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे हवेची भोकं लागतातच. बारीक ठेवा, मागे जाळी लावा.

आणि कटकट नको म्हणून टीव्हीच काढू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सुरक्षित वातावरणासोबत करमणुकीचाही हक्क आहे.