क्यूआय हा शब्द की रडीचा डाव?

जुनाखेळाडू: रविवारी भाचीशी स्क्रॅबल खेळत होतो, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. ४० गुणांनी पुढे, टाइलची पिशवी रिकामी. तिने ट्रिपल लेटरच्या घरात, जिथे अक्षराचे गुण तिप्पट होतात, क्यू ठेवला. उजवीकडे एक आय, खाली एक आय. आडवं 'क्यूआय', उभं 'क्यूआय'. क्यूचे १० तिप्पट होऊन ३०, आयचा १. ३१ आणि ३१, म्हणजे ६२! माझं म्हणणं, हा शब्द इंग्रजी नाहीच, चिनी आहे. क्यूच्या मागे यू लागतो हे आपण शाळेत शिकलो. परका शब्द घुसवून गुण उचलायचे, याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात.

सोंगटी: कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत आहे, अमेरिकेतल्या यादीतही २००६ पासून आहे. यादी आधी ठरली होती ना? मग हरल्यावर भाषाशुद्धी कशी आठवली? तसं असेल तर आपली डाळपण काढा. डी-ए-एल ४ गुण, मध्ये एच घातला की ८. तेव्हा कोणी कुरकुरत नाही.

जुनाखेळाडू: डाळ इंग्रज खातात तरी. क्यूआय कोण बोलतं?

भातुकली: बोलतात की, ताई ची आणि ॲक्युपंक्चरवाल्यांना विचारा. चिनी शब्द आहे. श्वास, हवा, अंगातली जीवनशक्ती, आपल्या 'प्राण'च्या जवळचा. उच्चार 'ची'. जुन्या पद्धतीत इंग्रजीत तो सी-एच-आय लिहीत. १९५८ मध्ये चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली आणि तिच्यात या 'च'च्या वाट्याला क्यू आला. जपानी त्यालाच 'की' म्हणतात. स्क्रॅबलमध्ये तिन्ही चालतात: क्यूआय ११, सीएचआय ८, केआय ६. श्वास एकच, भाव तीन! (सीएचआय हे एका ग्रीक अक्षराचंही नाव, त्यामुळे ते तसंही चाललं असतं.) आपण मराठीत 'ची' आणि 'की' दिवसभर फुकट उधळतो ते वेगळंच.

अर्धवट: शब्द राहू द्या, माझा आक्षेप गुणांवर आहे. ॲल्फ्रेड बट्स हा मंदीत काम गेलेला अमेरिकन आर्किटेक्ट. त्याने १९३०च्या दशकात न्यूयॉर्क टाइम्समधली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावर खेळ बेतला. क्यू एकच आणि त्याला १०, कारण यूशिवाय तो गळ्यातली धोंड. आता नुसता आय पुरतो, आणि आयच्या टाइल नऊ आहेत. धोंड उतरली, हमाली मात्र तीच घेताय.

सोंगटी: धोंड उतरली म्हणे. समोरच्याने सगळ्या टाइल संपवल्या आणि क्यू तुमच्याच रॅकवर राहिला, की तुमचे १० वजा आणि त्याला १० जमा. एकदा भोगून बघा.

अर्धवट: भोगलंय. म्हणूनच म्हणतो, १० गुण त्या भीतीचे होते. भीती निम्मी झाली, तर गुणही कमी करा. ६ ठीक वाटतात.

जुनाखेळाडू: आणि अर्थाचं काय? भाचीला विचारलं तर म्हणते, "मामा, अर्थाचे किती गुण असतात?"

भातुकली: खरंच शून्य असतात. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही.

जुनाखेळाडू: मग हे पाढे पाठ केल्यासारखं झालं.

भातुकली: बरं मग? तीसपर्यंतचे पाढे पाठ असल्याचं कौतुक आपल्याकडे कमी होतं का?

सोंगटी: काका, एक सांगा. ट्रिपल लेटरच्या शेजारी ते दोन आय आले कुठून?

जुनाखेळाडू: एक तिचा. दुसरा मी ठेवला होता, आदल्याच खेळीत. ४ गुणांसाठी.