शब्दचर्चा : अंतराळ स्थानकाची रसद, आणि यान स्थानकाला 'लागतं' की 'लावतात'?

शाळकरी मुलांसाठीच्या एका पुस्तिकेत अंतराळ स्थानकावरचा मजकूर मराठीत लिहितो आहे. स्थानकाची रचना, तिथला दिनक्रम, प्रयोग, एवढं लिहून झालं. अडलो ते तिथे सामान कसं पोचतं या प्रकरणावर.

पहिली अडचण 'रिसप्लाय'ची. बातम्यांमध्ये कधी 'पुरवठा मोहीम' दिसते, कधी 'पुनर्पुरवठा'. 'पुनर्पुरवठा' व्याकरणात बसतो, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते आणि बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. दुसरी अडचण डॉकिंग आणि बर्थिंगची. दोन्हींना सरसकट 'जोडणी' म्हटलं जातं, पण दोन्हींत यान स्थानकाशी जोडलं जाण्याची रीत अगदी वेगळी आहे, आणि तो फरक मला सांगायचाच आहे. तिसरी अडचण वर नेलेल्या आणि खाली आणलेल्या मालाची. त्यासाठी दोन सुटसुटीत शब्द हवेत.

सध्याचं माझं वाक्य असं : 'मालवाहू अंतराळयानाद्वारे स्थानकास आवश्यक सामग्रीचा पुनर्पुरवठा करण्यात येऊन यानाची स्थानकाशी जोडणी केली जाते.' यात एकही चूक नाही, आणि तरी हे वाक्य मुलांपुढे ठेवायचं माझं धाडस होत नाही. मदत करा.

*

रसद

'रसद' हा शब्द तयार असताना 'पुनर्पुरवठा' कशाला?

रसद म्हणजे दूर मुक्काम टाकून बसलेल्या माणसांना मागून पोचवलेला दाणागोटा आणि सामान. शब्द फारसीतून आला, 'रसीदन' म्हणजे पोचणे या क्रियापदातून. 'रसीद' हा शब्दही त्याच घरातला. आपल्या 'पावती' आणि 'पोच' या शब्दांकडे बघा. पावणे म्हणजे मिळणे, पोचणे, त्यावरून पावती. पोचणे यावरून पोच. म्हणजे माल हाती आल्याची खूण सांगायला दोन्ही भाषांनी 'पोचणे' हेच क्रियापद धरलं. रसद या शब्दाच्या पोटातही पोचणंच आहे. अंतराळ स्थानकाच्या बाबतीत सगळा खटाटोप त्याचाच असतो. सामान जमवणं त्यामानाने सोपं. ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या दारापर्यंत नेऊन पोचवायचं, हे अवघड.

रसदेच्या शेजारी आणखी दोन शब्द ठेवा, म्हणजे तुमचं निम्मं प्रकरण लिहून होईल : शिदोरी आणि बेगमी.

शिदोरी निघतानाच सोबत बांधून घेतात. रसद मागाहून येते. सुरुवातीची स्थानकं शिदोरीवर चालली. अमेरिकेचं स्कायलॅब १४ मे १९७३ला वर गेलं, तेव्हा पुढच्या तिन्ही तुकड्यांचं अन्न आणि पाणी त्याच्या पोटात आधीच भरलेलं होतं. या तुकड्यांचे मुक्काम मिळून १७१ दिवसांचे झाले. शिदोरीला मर्यादा असते, ती संपली की मुक्काम हलवावा लागतो.

रसद सुरू झाली ती सोव्हिएत साल्युत-६ या स्थानकापासून. त्याला दोन बाजूंना दोन दारं होती. एका दाराशी माणसांना घेऊन आलेलं सोयूझ उभं असतानाही दुसरं मोकळं राहायचं. २० जानेवारी १९७८ला प्रोग्रेस-१ हे बिनमाणसांचं यान निघालं आणि दोन दिवसांनी त्या दुसऱ्या दाराशी पोचलं. स्थानकात रोमानेंको आणि ग्रेच्को हे दोन अंतराळवीर होते. त्यांचा मुक्काम ९६ दिवसांचा झाला, त्यामागे ही रसद होती.

बेगमीबद्दल नंतर लिहितो.

*

रसद नको वाटते

'रसद' उच्चारली की छावणी, वेढा आणि पानिपत डोळ्यांसमोर येते. रसद तोडली, रसद बंद पडली, उपासमार झाली. शांततेच्या वैज्ञानिक कामाला हा लष्करी वास कशासाठी? 'पुरवठा' हा शब्द पाणीपुरवठा, वीजपुरवठा, अन्नपुरवठा असा रोजच्या वापरातला आहे. पुढचा 'पुनर्' काढून टाकला की झाले. 'पुरवठा यान' मुलांना सहज कळेल.

*

कुमक

एका ठिकाणी 'स्थानकाला कुमक रवाना' असेही वाचले आहे. ते मात्र टाळा. कुमक म्हणजे मदतीला येणारी माणसे. अंतराळवीरांची नवी तुकडी निघाली तर एकवेळ चालेल, सामानाच्या यानाला नाही.

*

पुरवठा, खेप आणि बेगमी

'पुरवठा' वाईट शब्द नाही, पण त्यात धार अखंड चालू असल्याचा भाव आहे. पाणीपुरवठा नळाने होतो, वीजपुरवठा तारेने. तो खंडित होतो म्हणजे चालू असलेलं तुटतं. स्थानकाकडे अशी धार कुठे आहे? यान जातं, मग काही आठवडे किंवा महिने काहीच नाही, मग पुढचं यान. या एकेका फेरीला मराठीत 'खेप' म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही जरूर वापरा. ओझं घेऊन केलेली फेरी ती खेप. ड्रॅगन या अमेरिकी मालवाहू यानाबद्दल लिहिताना 'मोहीम क्रमांक २१' यापेक्षा 'ड्रॅगनची एकविसावी खेप' किती लवकर समजतं!

शिवाय 'पुरवठा' हा शब्द स्थानकाच्या आतल्या कामासाठी लागणारच आहे. तिथलं पाणी बहुतेक तिथलंच असतं. घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र गाळून पुन्हा प्यायचं पाणी केलं जातं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. तो झाला स्थानकाचा पाणीपुरवठा. जे आतल्या आत तयार करता येत नाही आणि बाहेरूनच यावं लागतं, ती रसद. दोन वेगळ्या गोष्टींना दोन शब्द असले तर मुलांना तो फरक आपोआप कळतो.

आता लष्करी वासाबद्दल. वेढ्याची आठवण येते हे खरं आहे, आणि माझ्या मते ती यावीच. २८ ऑक्टोबर २०१४ला आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी सिग्नस हे अमेरिकी मालवाहू यान घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. २८ एप्रिल २०१५ला निघालेलं रशियाचं प्रोग्रेस कक्षेत पोचलं, पण ताब्यात राहिलं नाही; गिरक्या खात राहिलं आणि ८ मे रोजी वातावरणात जळालं. २८ जून २०१५ला फाल्कन-९ रॉकेट ड्रॅगनसह आकाशातच फुटलं. आठ महिन्यांत तीन खेपा बुडाल्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या बनावटींच्या यानांच्या होत्या. एक बनावट अडली तर दुसरी चालावी म्हणूनच वेगवेगळी यानं ठेवलेली असतात, आणि त्या वर्षी तो आधारही डळमळला. त्या दिवसांचं वर्णन 'पुरवठ्यात व्यत्यय' असं करता येत नाही. रसद तुटत चालली होती.

तरी माणसांना खाली आणावं लागलं नाही, आणि इथे तिसरा शब्द येतो : बेगमी. पुढच्या अडचणीच्या दिवसांसाठी आधीच भरून ठेवलेला साठा म्हणजे बेगमी. एखादी खेप चुकेल असं धरूनच स्थानकात काही महिन्यांचं अन्न आणि गरजेच्या वस्तू राखून ठेवलेल्या असतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुढचं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी, तोवर बेगमीने तारलं. 'राखीव साठा' म्हटलं तर चूक नाही, पण बेगमीत माणसाची दूरदृष्टीही आहे.

*

पटले

पाणीपुरवठ्याचा मुद्दा पटला. बाहेरून येते ती रसद. माझा आक्षेप मागे घेतो.

*

लागणे आणि लावणे

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डॉकिंग आणि बर्थिंग हे दोन्ही शब्द बंदरातले आहेत, तेव्हा मराठीतही बंदराकडेच जाऊ. नाव धक्क्याला लागते, गलबत बंदराला लागतं. गाडी फलाटाला लागते. क्रियापद आहे 'लागणे'.

डॉकिंगमध्ये यान स्वतःच्या इंजिनांनी, स्वतःच्या नियंत्रणाने पुढे सरकत येतं आणि सेकंदाला काही सेंटीमीटर इतक्या संथ वेगाने स्थानकाच्या तोंडाशी टेकतं. मग खिट्ट्या बसतात. प्रोग्रेस असंच येतं, चीनचं तियानझोऊ असंच येतं, युरोपचं एटीव्ही असंच येत होतं. हे यान स्थानकाला लागतं.

बर्थिंगमध्ये यान स्थानकापासून साधारण दहा मीटरवर येऊन थांबतं, म्हणजे स्थानकाच्या बरोबरीने त्याच वेगाने चालत राहतं. स्थानकाचा यांत्रिक हात त्याला पकडतो, वळवतो, दाराशी आणून टेकवतो, आणि १६ बोल्ट आवळले जातात. सिग्नस असंच जोडतात, कोउनोतोरी असंच जोडत, आणि २०१२ ते २०२० या काळात पहिल्या पिढीचं ड्रॅगनही असंच. हे यान स्थानकाला लावतात.

लागणे आणि लावणे. एकच धातू, एक स्वतः होणारी क्रिया आणि एक करवलेली. इंग्रजीला जिथे दोन वेगळी नामं घ्यावी लागली, तिथे मराठीच्या क्रियापदाचं एक वळण पुरतं. परतीची जोडीही तयार आहे : लागलेलं यान सुटतं, लावलेलं यान सोडतात. हात त्याला दारापासून दूर नेतो आणि खरोखरच मोकळं सोडतो.

मालाच्या दृष्टीने या फरकाला महत्त्व आहे. लावून घेण्याचं दार जवळपास सव्वा मीटर रुंदीचं चौकोनी असतं, त्यातून मोठी कपाटंही आत जातात. लागण्याचं दार गोल आणि जेमतेम ८० सेंटीमीटरचं. नव्या पिढीचं मालवाहू ड्रॅगन डिसेंबर २०२०पासून लावावं लागत नाही, आपणच लागतं. त्यात माणसांची मेहनत वाचली, पण दार लहान झालं.

*

शंका

'लागणे'ला फार अर्थ आहेत. हाताला लागतं, भूक लागते, आग लागते. 'यान स्थानकाला लागलं' म्हणजे धडकलं असा अर्थ कोणी घेतला तर?

*

उत्तर

'गाडी फलाटाला लागली' ऐकून धडक झाली असं कोणी समजत नाही. धडकेसाठी 'आदळणे' आहेच, आणि तुमच्या प्रकरणात त्याची जागाही आहे. २५ जून १९९७ला रशियाच्या मीर स्थानकाकडे हाताने नियंत्रण करून आणलं जाणारं प्रोग्रेस वेगात आलं आणि स्पेक्त्र या कक्षावर आदळलं. कक्षाला भोक पडलं, हवा निसटू लागली, आणि आतल्या तिघांनी मधल्या तारा तोडून, झाकण बसवून तो कक्ष उरलेल्या स्थानकापासून बंद केला. लागणे आणि आदळणे यांत फरक असतो तो वेगाचाच, हे मुलांना यावरून सांगता येईल.

'डॉकिंग' शब्द मात्र पूर्ण हद्दपार करू नका. इस्रोच्या दोन स्पेडेक्स उपग्रहांनी जानेवारी २०२५ मध्ये ते साधलं तेव्हापासून तो मुलांच्या कानावर आहे. नाम म्हणून डॉकिंग राहू द्या, क्रिया सांगताना लागणे वापरा.

*

चढता माल, उतरता माल

तिसऱ्या प्रश्नासाठी : माल चढवतात आणि उतरवतात. त्यामुळे 'चढता माल' आणि 'उतरता माल'. नवे काही घडवायची गरज नाही.

उतरता माल फार थोडा असतो, हे अवश्य लिहा. प्रोग्रेस, सिग्नस आणि तियानझोऊ परत येण्यासाठी बांधलेलीच नाहीत. रिकामी झाली की त्यांत कचरा भरतात, आणि शेवटी ती वातावरणात जळतात; उरलेसुरले तुकडे सहसा दक्षिण पॅसिफिकच्या निर्जन भागात पडतील असे बघितले जाते. प्रयोगांचे नमुने जपून खाली आणायचे असतील तर ड्रॅगन लागते, ते पॅराशूटने समुद्रात उतरते. कचऱ्याला 'उतरता माल' म्हणू नये, कारण तो उतरत नाही. त्याची विल्हेवाट लागते.

'मालवाहू यान' ठेवायला हरकत नाही, पण एक गोष्ट त्या नावात मावत नाही. प्रोग्रेस स्थानकाच्या टाक्यांत इंधन भरते, आणि लागलेले असताना स्वतःची इंजिने चालवून अख्ख्या स्थानकाला वर रेटते. विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक सतत थोडेथोडे खाली येत असते, म्हणून हा रेटा. 'कक्षा उंचावणे' बरोबर आहे. 'रेटा देणे' जास्त समजते.

यानांची नावे भाषांतरित करू नका, अर्थ मात्र सांगा. कोउनोतोरी म्हणजे पांढरा करकोचा. तियानझोऊ म्हणजे आकाशातली नाव. सिग्नस म्हणजे हंस. ऑक्टोबर २०२०च्या सिग्नसला कल्पना चावलांचे नाव दिले होते, तेही लिहा.

*

नवा मसुदा

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं वाक्य काढून टाकलं. आता सुरुवात अशी केली आहे :

'तोवर अंतराळातली माणसं शिदोरीवर राहत. २० जानेवारी १९७८ला प्रोग्रेस-१ रसद घेऊन निघालं आणि २२ तारखेला साल्युत-६च्या मागच्या दाराला लागलं. ही पहिली खेप. त्यात सुमारे २.३ टन वजनाचा माल होता; जवळजवळ एक टन तर इंधनच. दोघा अंतराळवीरांनी दार उघडलं आणि एकेक जड पेटी उचलून आत नेली.'

*

दोन दुरुस्त्या

फार छान. 'वजनाचा' काढा, 'सुमारे २.३ टन माल' पुरे. आणि 'जड पेटी उचलून' नको. तिथे उचलावं लागत नाही, पेटी बोटाने ढकलली तरी निघते. पण वस्तुमान तेवढंच असल्याने एकदा निघालेली मोठी पेटी थांबवायला जोर लावावा लागतो, नाहीतर ती माणसालाच भिंतीवर दाबते. म्हणून 'एकेक मोठी पेटी हळूहळू सरकवत आत नेली' असं लिहा. 'हळूहळू' गाळू नका.