कॅब अ‍ॅपने खातं बंद केलंय, दाद कुठे मागायची?

मंडळी, मदत हवी आहे. आईला आठवड्यातून तीनदा भांडुपहून परळला डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवारी व्हीलचेअर डिकीत ठेवण्यावरून ड्रायव्हरशी वाजलं (आवाज माझाही चढला, खोटं कशाला बोलू), आणि संध्याकाळी खातं कायमचं बंद. कारण विचारलं तर एकच छापील उत्तर, 'नियमभंग'.

काळी-पिवळीवाल्याने भाडं नाकारलं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ खाली दंड होतो. बेस्टचा कंडक्टर फार तर त्या फेरीपुरता उतरवेल. मग यांना आजन्म बंदी घालायचा अधिकार कुठून?

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करून कोणाचं खातं परत सुरू झालंय का? की थेट ग्राहक आयोगात जाऊ? गुरुवारी पुन्हा डायलिसिस आहे, आणि सकाळच्या लोकलमध्ये व्हीलचेअर म्हणजे... तुम्हाला सांगायला नको.