केक मधोमध खचतोय, शनिवारी लेकीचा वाढदिवस!

शेंगाचटणी: तिसरा केक खचला. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १८० अंशांवर, सात इंची भांडं. पंचविसाव्या मिनिटाला मस्त फुगलेला दिसतो, दार उघडून सुरी खुपसते आणि डोळ्यांदेखत खाली बसतो. मध्ये गिच्च, कडा करकरीत. सोलापूरचा मे, लोणी बाहेर काढलं की दहा मिनिटांत पातळ. काय चुकतंय?

कडकभाकरी: ताई, दार फार लवकर उघडताय. मधला भाग तेव्हा कच्चाच असतो, आच उतरली की बसतो. पस्तीस मिनिटं हात लावू नका. आणि बेकिंग पावडर कधीची आहे? अर्धा चमचा कढत पाण्यात टाका. फसफसली नाही तर डबा फेका.

जुळेसोलापूरकर: लोण्याचं मी सांगते, कारण मी दोन उन्हाळे यातच घालवले. पातळ लोणी साखरेबरोबर कितीही फेटा, हवा धरत नाही. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये, इतपतच मऊ हवं. मी पहाटे सहाला फेटते, परातीत गार पाणी घेऊन त्यात भांडं ठेवून. कडा करकरीत म्हणजे आच जास्त. १६५ वर ठेवून जास्त वेळ भाजा. ओटीजीचा आकडा नेहमी खरा नसतो हो.

शेंगाचटणी: पावडर ढिम्म! नवीन आणली. पहाटे लोणी फेटलं, अगदी पांढरंशुभ्र झालं. १६५ वर बेचाळीस मिनिटं. सुरी कोरडी निघाली, केक ताठ उभा आहे. खूप खूप आभार दोघींचे.